मागे घेतलेलं मनगट

राखीच्या सकाळी रछपालने हात मागे घेतला, तेव्हा चन्नीला आधी वाटलं, त्याचं मनगट दुखत असेल.

ताटात राखी होती, बर्फीचा तुकडा होता, डोक्यावर घ्यायला घडी घातलेला रुमाल होता. ऑगस्ट म्हणजे कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीत आलुबुखारांचा हंगाम. फळं वाळवायच्या भट्ट्या अखंड पेटलेल्या, आणि चन्नीची पाळी सकाळची. कामाला जायच्या आधी राखी उरकून घ्यावी म्हणून ती घाईत होती. तिची आई, बीबी, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ओढणी सावरून बसली होती. राखी बांधताना दर वर्षी ती डोळे पुसायची, म्हणून या वेळी कागदी रुमाल आधीच हातात घेऊन बसली होती.

"हात दे," चन्नी म्हणाली.

"राहू दे या वर्षी."

"का रे? लागलंय का?"

"लागलं नाही." त्याने ताटातली बर्फी उचलून तोंडात टाकली. "दर वर्षी काय तो पोरखेळ. तू जा, उशीर होईल तुला, चन्नी."

चन्नी. चार वर्षं या माणसाने तिला 'भैनजी' म्हटलं होतं. भैनजी, तुम्ही बसा. भैनजी, मी भांडी घासतो. आणि आज एकदम नाव घेऊन, बर्फी चघळत, तू. तिने ताट तसंच पुढे धरून ठेवलं.

"पाला," बीबी त्याच्या घरगुती नावाने म्हणाली, "सणाच्या दिवशी असं करू नये बाळा. ये, हात पुढे कर."

"मासी, कागदावर काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्या कोणाकडून तरी. भाऊ लिहिलंय का?" तो हसला. त्याचं हसणं चांगलं होतं, हीच पंचाईत होती. "मी या घरात राहतो. विजेचं बिल माझ्या नावावर. तुम्हाला गुरुद्वाऱ्यात नेतो, छपराच्या पन्हळी साफ करतो. नवरा आणखी काय करतो?"

"त्या दिवशी तू हिच्या पायाला हात लावून—"

"त्या दिवशी मला अमेरिकेला यायचं होतं, मासी. गाढवाच्याही पाया पडलो असतो."

तो बाहेर गेला. राखी ताटातच राहिली.

आता हे सरळ सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाटेल की बहीण-भावाचं भांडण आहे. रछपाल चन्नीचा भाऊ नव्हता. सरकारच्या लेखी तो तिचा नवरा होता.

चन्नीचा खरा नवरा अवतार ट्रक चालवायचा. एका थंडीत बर्फाच्या घाटात त्याचा ट्रक घसरला आणि तो गेला. मूलबाळ नव्हतं. पंजाबातून बीबी तिच्या सोबतीला आली आणि मायलेकी दोघीच त्या घरात राहू लागल्या. पण आपल्या लोकांत नागरिकत्व असलेली विधवा म्हणजे बसमधली रिकामी सीट. प्रत्येकाला कोणाला तरी तिथे बसवायचं असतं. कोणी मेव्हणा आणतं, कोणी पुतण्या. चन्नीने दोन वर्षं सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मग गावाहून बीबीच्या मैत्रिणीचा फोन आला. नुसती मैत्रीण नव्हे, लहानपणी ओढण्यांची अदलाबदल करून बहीण झालेली. असल्या बहिणीला पंजाबात नाही म्हणता येत नाही. सख्ख्या बहिणीला म्हणता येतं. ती बीबीला म्हणाली, "सुरजीत, तुझ्या पोरीचं आयुष्य तसंही नुसतं बसलंय. माझ्या लेकाला, पाल्याला, तिकडे काढ. कागदापुरतं. नंतर सोडचिठ्ठी देऊन मोकळा होईल. गावातली किरण त्याच्यासाठी थांबलीय."

चन्नीने हो म्हटलं. आणखी भात वाढू का म्हटल्यावर म्हणतात, तसं. तिला कोणी मारून मुटकून तयार केलेलं नाही, हेही इथेच सांगायला हवं. आपण काय करतोय हे तिला माहीत होतं. फक्त अवतार गेल्यापासून तिला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. ते काही धैर्य नव्हतं, ती एक प्रकारची गुंगी होती.

पंजाबात फगवाड्याला लग्न झालं. व्हिसाचा अधिकारी फोटो बघतो, म्हणून हॉल घेतला, वरात काढली, लोक जेवले. गुरुद्वाऱ्यात ग्रंथसाहिबांभोवती चार फेरे झाले, आणि तिथे मात्र बीबीची छाती धडधडायला लागली. अधिकाऱ्याला फसवणं वेगळं, आणि हे वेगळं. संध्याकाळी हॉलमागच्या खोलीत तिने दोघांना बोलावलं, दार लावलं आणि पिशवीतून राखी काढली.

"सरकारला कागद," ती म्हणाली, "आणि रब्बाला हा धागा. बांध पोरी."

लग्नाच्या लाल कपड्यांत, मेंदीच्या हातांनी चन्नीने नवरदेवाला राखी बांधली. रछपालचे डोळे भरून आले होते. वाकून तिच्या पायाला हात लावून तो म्हणाला, "आजपासून तुम्ही माझ्या भैनजी." चन्नीचा अजूनही विश्वास आहे की त्या दिवशी तो मनापासून बोलला होता. त्यामुळेच पुढचं सगळं जास्त भयानक झालं. मुळातला वाईट माणूस असता, तर कुठे बघायचं हे तिला कळलं असतं.

चार वर्षं सगळं ठीक चाललं. मागच्या खोलीत तो राहायचा. सरकारकडून चौकशीला कोणी येणार असलं की त्याचा टूथब्रश चन्नीच्या पेल्यात यायचा आणि ते गेले की परत जायचा. व्हिसाच्या एजंटाने सांगितलं म्हणून बँकेत, विजेच्या बिलावर आणि शेवटी घराच्या कागदावरही त्याचं नाव चढलं. अवतारने रात्रंदिवस ट्रक हाकून घेतलेलं घर ते. त्याचे पक्के कागद होईपर्यंत सोडचिठ्ठी लांबत गेली आणि किरण गावात थांबून थांबून थकली. या वसंतात तिच्या घरच्यांनी तिला इटलीच्या एका मुलाला देऊन टाकली. ती बातमी आली त्या दिवशी रछपाल अंगणात नळ सुरू ठेवून नुसता उभा होता. पाणी शेजारच्या अंगणात गेलं तरी त्याला कळलं नाही. बीबीने त्याला जेवायला वाढलं, पाठीवर हात फिरवला. ऑगस्टमध्ये त्याने हात मागे घेतला.

त्यानंतर फार काही झालं नाही. पंचाईत तीच तर होती. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. चन्नी कामावरून आली तर न्हाणीघरात तिच्या पेल्यात त्याचा ब्रश. चौकशीला कोणी येणार नव्हतं. तिने तो उचलून मागच्या खोलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी परत पेल्यात. एकदा कपाटात अवतारच्या कोटाच्या जागी त्याचे शर्ट लटकत होते आणि कोट खोक्यात. एकदा पाळी सुटली तेव्हा तो भट्टीच्या फाटकाशी गाडीला टेकून उभा होता, आणि बरोबरीच्या बायका म्हणाल्या, "नशीबवान गं, नवरा न्यायला येतो." ती गाडीत बसली. दुसरं काय करणार? त्याने तिच्या बाजूचा पट्टा स्वतः ओढून लावला.

मग एक दिवस तिच्या खोलीच्या दाराची कडी नव्हती. चार स्क्रूंची भोकं होती फक्त.

"ढिली झाली होती," तो जेवता जेवता म्हणाला. "काढलीय. नवीन आणून लावतो."

"कधी?"

"लावू की. घाई काय आहे? घरात चोर आहेत का?"

बीबीने त्याच्या ताटात पोळी टाकली. पोळी अर्धी ताटाबाहेर पडली. त्याने ती उचलून नीट ठेवली आणि म्हणाला, "मासी, तूप लावा जरा."

भट्टीवर जुने लाकडी ट्रे मोडीत काढतात. फळं वाळवायचे, माणसाच्या उंचीचे. त्यातला एक चन्नीने गाडीच्या टपावर बांधून आणला. दार आणि पलंग यांच्यात तो आडवा घातला की दार वितभरही उघडत नसे. लाकडाला वर्षानुवर्षांच्या फळांचा आंबटगोड वास होता. त्या वासात ती पडून राहायची आणि बाहेर फरशीवर सपाता सरकल्या की मोजायची नाही, ऐकायची नाही, असं ठरवून ऐकत राहायची.

पोलिसांना काय सांगणार होती? नवरा घरात राहतो म्हणून?

शेवटी ती वकिलाकडे गेली. अलिशिया रायचे आजोबा जालंधरकडचे आणि आजी मेक्सिकोची. जुन्या काळी इथे आलेल्या पंजाब्यांनी अशीच लग्नं केली. अलिशियाला पंजाबी फक्त जेवणापुरती आणि शिव्यांपुरती यायची, पण तेवढी मात्र अगदी आजोबांसारखी खणखणीत. बाकीचं चन्नीच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवर भागलं.

"सोपं आहे," अलिशिया म्हणाली. "घटस्फोट घे. या राज्यात कोणी कारण विचारत नाही. घराचं थोडं भांडण होईल, त्याचं बघू."

"घटस्फोट घेतला म्हणजे लग्न झालं होतं, असं होईल ना?"

"अर्थात. झाल्याशिवाय मोडणार कसं?"

"मग नको."

"का?"

चन्नीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "भावाला घटस्फोट कसा देऊ?"

अलिशियाने पेन खाली ठेवलं. मग चन्नीने तिला राखीचं सांगितलं. सांगताना तिला जाणवलं की कार्यालयात बसून बोललं की ही गोष्ट वेडगळ वाटते, आणि तरीही तिच्यातला एकही शब्द मागे घेता येत नाही. घटस्फोटाच्या कागदावर सही करायची म्हणजे आपण चार वर्षं त्याची बायको होतो, असं लिहून द्यायचं. तो दारापलीकडून नेमकं तेच तर म्हणत होता.

"लग्न रद्द करता येतं," अलिशिया सावकाश म्हणाली. "म्हणजे ते कधी झालंच नव्हतं, असं कोर्ट म्हणतं. घरावरचा त्याचा दावाही मग लंगडा पडतो. पण त्यासाठी फसवणूक दाखवावी लागते. त्याने तुला फसवलं का?"

चन्नीने मान हलवली. "आम्ही दोघांनी मिळून सरकारला फसवलं."

अलिशिया उठली आणि तिने कार्यालयाचं दार लावून घेतलं. परत येऊन बसली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. "ऐक. त्याने मला फसवलं, असं तू सांगितलं असतंस, तर मी तेच मांडलं असतं. आता मला खरं माहीत झालंय, त्यामुळे तुला खोटं बोलायला मी उभी करू शकत नाही. आणि खरं बोललीस तर ते फक्त या कोर्टात राहील याची हमी मी देऊ शकत नाही. अशा लग्नांना इथे तुरुंग आहे, चन्नी. मिळालेलं नागरिकत्वही धोक्यात येऊ शकतं. कोर्टाने विचारलं तर गप्प राहायचा हक्क तुला आहे. तो वापर, असं मी वकील म्हणून सांगते."

"आणि गप्प राहिले तर रद्द होईल?"

"कठीण आहे."

"म्हणजे तोंड उघडलं तर तुरुंग, नाही उघडलं तर तो."

अलिशियाने आजोबांच्या साठ्यातली एक शिवी हासडली. त्या घटकेला चन्नीला तेवढीच काय ती माया वाटली.

तरी अर्ज झाला. कोर्टाचा माणूस कागद घेऊन घरी आला तेव्हा रछपाल अंगणात टोमॅटोला पाणी घालत होता. त्याने सही करून कागद घेतले, नळ नीट बंद केला आणि आत आला. बीबी कणीक मळत होती, चन्नी भाजी चिरत होती. तो टेबलाशी बसला.

"लग्न रद्द," तो म्हणाला. "छान. मी नाही म्हणणार. खरं लग्न आहे म्हणून शपथेवर सांगणार. फोटो आहेत, चार वर्षांची बिलं आहेत, शेजारी आहेत."

"देव बघतोय, पाला," बीबी म्हणाली.

"देवाला कोर्टात बोलावता येत नाही, मासी. आणि तिने तोंड उघडलंच, तर मीही उघडीन. म्हणेन, मला बोलावलं यांनी, लग्न ठरवलं यांनी, मी गावचा अडाणी पोरगा. मला परत पाठवतील फार तर. तुम्ही मात्र आत जाल. या वयात तुरुंगात मऊ पोळी कोण देणार तुम्हाला?"

चन्नीच्या हातातला चाकू थांबला. त्याने तो बघितला आणि हलकेच तिच्या हातातून काढून घेऊन टेबलावर पलीकडे ठेवला.

"मी काही राक्षस नाही, चन्नी. माझी किरण गेली तुमच्या या कागदापायी. थांब म्हणालात, थांबलो. आता कागदावर आहे तेवढं तरी मला मिळू दे. अर्ज मागे घे. आणि दारापाठी ते लाकूड घालणं बंद कर. घरात बरं दिसत नाही."

तो आपल्या खोलीत गेला. त्याला लाकडाचं माहीत होतं. म्हणजे त्याने दार ढकलून बघितलं होतं.

कणकेवर कोरडा पापुद्रा धरला.

"मागे घे अर्ज," बीबी पुटपुटली. "मी गावी जाते. तूही जा. कुठेही जा."

"आणि घर? अवतारचं घर त्याला देऊन जाऊ?"

"मग काय करू? मीच केलं हे सगळं. मीच तो धागा काढला पिशवीतून. वाटलं, पापाला गाठ मारली की पाप तिथेच थांबतं." एकदम तिने कणकेचा हात कपाळावर मारला. "चन्नी. तो कॅमेरावाला."

"कोण?"

"लग्नातला. दार लावलं मी, पण तो आधीच आत होता. कोपऱ्यात दिव्याची वायर गुंडाळत होता. तू बांधत होतीस तेव्हा त्याने कॅमेरा वर केला होता. मला वाटलं, बंद असेल."

लग्नाची फिल्म टीव्हीखालच्या कपाटात, लाल मखमलीच्या डबीत होती. गेल्या चार वर्षांत कोणी ती उघडली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी रछपाल कामाला गेल्यावर दोघींनी ती लावली. वरात झाली. भांगडा झाला. लोक जेवले, एकेकाचं जेवण कॅमेऱ्याने मन लावून टिपलं होतं. फेरे झाले. बीबीने हात जोडले. मग संध्याकाळ, पाहुण्यांचे निरोप, आणि मग, आता संपली असं वाटत असताना, एका गुलाबी हृदयाच्या चौकटीत, बासरीच्या सुरावर, लाल कपड्यांतली चन्नी नवऱ्याच्या मनगटाला राखी बांधत होती. फगवाड्याच्या त्या भल्या माणसाने दिवसभराचे पैसे घेतले होते, त्यामुळे दिवसभरात जे झालं ते सगळं त्याने सजवून दिलं होतं. शेवटी वाकून पाया पडणारा रछपाल मोठा होत होत पडदाभर झाला आणि भोवती फुलं पडली.

"हे..." बीबीने पडद्याकडे बोट केलं. "हे आपल्याकडेच आहे ना?"

"एक सरकारकडे आहे. व्हिसाच्या कागदांबरोबर एजंटाने पाठवली होती. लग्न खरं आहे याचा पुरावा म्हणून."

"वाहेगुरू. मग आपण पकडले कसे गेलो नाही?"

"तीन तासांचं लग्न शेवटपर्यंत कोण बघतं, बीबी? आपण तरी कुठे बघितलं?"

बीबी आधी रडायला लागली, मग त्या रडण्यातच तिला हसू फुटलं, आणि चन्नीलाही. तोंडावर ओढणी दाबून दोघी हसल्या, हसण्यानेच अंगाला काटा यावा तशा. मग हसू ओसरलं आणि पडद्यावर थिजलेली ती फुलं राहिली. चन्नी त्यांच्याकडे बघत बसली. जे सांगीन म्हणून तो धमकावत होता, ते चार वर्षं सरकारच्या कपाटात पडून होतं, बासरीसकट. कोणीही, कुठल्याही दिवशी, कंटाळा न करता शेवटपर्यंत बघितलं असतं तर संपलं होतं. ती अशीच जगत आली होती आणि तिला माहीतही नव्हतं.

तिने फिल्म डबीत घातली आणि डबी पर्समध्ये टाकून अलिशियाकडे गेली.

"हे लावलंस तर तो खोटा पडेल," अलिशिया बघून झाल्यावर म्हणाली. "आणि तू उघडी पडशील. दोन्ही एकाच मिनिटात. नीट विचार कर. घरी जा, झोप, मग सांग."

"घरी झोप येत नाही," चन्नी म्हणाली. "लावा."

सुनावणीपर्यंतचे दिवस कसे गेले हे चन्नीला नंतर आठवायचं नाही. अर्ज मागे घेतला की नाही, हे रछपालने विचारलं नाही. तो शांत होता. एका सकाळी न्हाणीघरातल्या तिच्या पेल्यात एकच ब्रश होता, त्याचा. तिचा कचऱ्याच्या डब्यात सापडला. तिने नवीन आणला आणि पर्समध्ये ठेवायला लागली.

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या. दुभाषा म्हणून सॅक्रामेंटोहून एक म्हातारे सरदारजी आले होते, निळी पगडी, दाढी नीट बांधलेली. चन्नीने त्यांच्याकडे बघितलं आणि तिला न्यायाधीशांपेक्षा त्यांचीच लाज वाटली.

रछपालने शपथ घेतली. खरं लग्न आहे, म्हणाला. बायको आहे माझी, गैरसमज झालाय, घरोघरी होतात. त्याने चन्नीकडे बघितलंही, प्रेमाने.

मग अलिशियाने फिल्मचं शेवटचं टोक लावलं. बासरी वाजली. गुलाबी चौकट आली. रछपालचं तोंड किंचित उघडं राहिलं. त्यानेही कधी शेवटपर्यंत बघितली नव्हती.

"हे काय चाललंय?" न्यायाधीशांनी दुभाष्याला विचारलं. "हा विवाहविधीचा भाग आहे?"

सरदारजींनी पगडीची कड चाचपली. "नाही, बाईसाहेब. ही राखी. हा धागा ज्याच्या हातावर बांधला, तो तिचा भाऊ." ते थांबले. त्यांचं काम एवढंच होतं, पण ते पुढे बोलले. "आमच्यात यानंतर नवरा-बायको होता येत नाही. खुशीने नाही, जबरदस्तीने तर नाहीच."

"गंमत होती," रछपाल म्हणाला. "बायकांची गंमत."

सरदारजींनी ते न्यायाधीशांना सांगितलं. सांगताना त्यांनी रछपालकडे बघितलं नाही.

न्यायाधीशांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि चन्नीकडे वळल्या. "बाई, प्रश्न नीट ऐका. लग्नाच्या दिवशी, हे खरं लग्न नाही, हे तुम्हाला माहीत होतं का? उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगता येतं. तुमच्या वकिलांनी ते तुम्हाला समजावलं असेल."

अलिशियाने टेबलाखालून तिचं मनगट धरलं. आदल्या दिवशी दोघींनी ते वाक्य पाठ केलं होतं: उत्तर न देण्याचा माझा हक्क मी वापरते. चन्नीला ते तोंडपाठ होतं. मागच्या बाकावर बीबी उठून उभी राहिली आणि पंजाबीत म्हणाली, "मी सांगितलं हिला, माझ्यावर लिहा." दुभाष्याने तिला हाताने बसवलं, हळुवारपणे, आपल्याच बहिणीला बसवावं तसं.

चन्नीला खूप भीती वाटत होती. अवतार गेल्यावर हरवलेली भीती सगळी एकदम परत आली होती. पण ती दारामागची भीती नव्हती. तिथे काय येईल हे कळायचं नाही. इथे समोर काय आहे ते दिसत होतं: खुर्ची, झेंडा, बाई, प्रश्न.

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं. राखी मीच बांधली."

दुभाष्याला ते भाषांतरित करायची गरज नव्हती. ती इंग्रजीत बोलली होती.

न्यायाधीश बराच वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या की लग्नाचा हेतू कोणाचाच नव्हता. हे लग्न या कोर्टाच्या मते झालंच नाही. प्रतिवादीने घर सोडावं. घराच्या कागदाचा निर्णय वेगळा होईल. आणि आज इथे जे ऐकलं ते पुढे योग्य त्या खात्याकडे पाठवणं त्यांना भाग आहे. हे शेवटचं त्यांनी कागदाकडे बघत सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात रछपाल बाकावर बसला होता. चार वर्षांपूर्वी विमानतळावर सामान हरवलं तेव्हा बसला होता तसा, हात गुडघ्यांत घालून.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "मलाही बुडवलंस, स्वतःही बुडालीस."

चन्नीने पर्स खांद्याला लावली.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "भैनजी, माझं सामान आहे घरी."

तिला वाटलं होतं, तो शब्द पुन्हा ऐकला की काहीतरी होईल, रडू येईल. आलं नाही. "बीबी अंगणात काढून ठेवेल," ती म्हणाली. "घंटी वाजव. आत येऊ नकोस."

बीबीने त्याच्या सामानावर पिशवीत चार पराठे बांधून ठेवले, आणि चन्नीने ते बघून न बघितल्यासारखं केलं. तो आला, पिशवी उचलली, वास घेतला, घंटीला हात न लावता गेला. आता तो इंडियानात ट्रक चालवतो म्हणे. कोणी म्हणतं, त्याला सरकारचं पत्र आलंय.

चन्नीने दाराला नवी कडी बसवली, स्वतः, जुन्याच भोकांत. ट्रे अंगणात नेऊन धुतला. हंगाम संपल्यावर बीबीने त्यावर डाळीच्या वड्या वाळत घातल्या. राखण करत दोघी उन्हात बसतात. टपालाची पांढरी गाडी रोज दुपारी येते, आणि ती कोपऱ्यावर वळली की दोघींचं बोलणं बंद पडतं.

"सरकारची चिठ्ठी आली तर?" बीबी विचारते.

"आली तर उघडू."

"आणि बोलावलं तर?"

"जाऊ. तुझ्या गुडघ्यांची गोळी बरोबर घे म्हणजे झालं."

आज गाडी त्यांच्या फाटकाशी थांबली. डब्याचं झाकण वाजलं आणि गाडी पुढे गेली. चन्नीच्या हाताला डाळीचं पीठ लागलं होतं. तिने ते कुडत्याला पुसलं आणि उठली. ती फाटकाकडे चालायला लागली.